तरंगणाऱ्या पेशी फेकू नका
वाचकांचे प्रश्न

पेशी आपणहून कशा मरतात यावर मागच्या महिन्यात मी लिहिलं, आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं पुण्यातल्याच मुलामुलींची, जी आत्ता या क्षणी कुठल्या तरी इनक्युबेटरसमोर उभी असतील. बाकीची घरातल्या मंडळींची. पेशी वाढवण्याच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यामुळे दोघांचीही काळजी मला ओळखीची आहे. सहा प्रश्न निवडले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या खोलीचे नाहीत.

प्रश्न : माझी नात पाषाणला संशोधन करते. काय करतेस विचारलं की म्हणते, "आजोबा, मी मरणाऱ्या पेशी मोजते." पेशी आपणहून मेली की कुणी मारली, हे या मुलांना कळतं कसं?
— निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

काका, फेब्रुवारीत वेताळ टेकडीवर फिरायला जात असाल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. पानगळीत झाड मेलेलं नसतं. पान देठापाशी आपणहून सुटतं आणि खाली येतं. वळवाच्या वादळात फांदी मोडते तेव्हा मात्र हिरवी पानं ओरबाडली जातात. खाली पडलेलं पान दोन्हीकडे सारखंच, पण देठ बघितला की फरक कळतो. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलिस्टर करी या तिघांनी १९७२ साली पेशींच्या या पानगळीचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना नाव सुचवलं ते अबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. अ‍ॅपॉप्टोसिस, म्हणजे पाकळ्या किंवा पानं गळणं.

नातीला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवायला सांगा. धडधाकट पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून, तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरलेली असते. मरायला लागली की आधी कडा आत ओढून घेते, गोल होते, आक्रसते. मग तिच्या पृष्ठभागावर फुगे यायला लागतात, अगदी रटरटणाऱ्या पिठल्यावर येतात तसे. शेवटी तिच्या लहान लहान पुड्या होतात, आणि प्रत्येक पुडीचं वेष्टन शाबूत असतं. मारलेली पेशी याच्या उलट. ती फुगते आणि फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं.

शरीराला ही पानगळ हवीच असते. गर्भात हाताच्या बोटांमधला पडदा याच वाटेनं जातो. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ सालचं नोबेल मिळालं ते एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवरच्या कामासाठी. त्या कृमीच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच.

प्रश्न : मॅडम, मी अ‍ॅनेक्सिन व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या मशीनवर, रीडिंग घेते. औषध न दिलेल्या पेशींमध्येच तीस-पस्तीस टक्के अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह येतात, औषध दिलेल्यांमध्ये चाळीस. किट खराब आहे असं लॅबमध्ये सगळे म्हणतात. तीनदा केलं, तीनदा हेच.
— पीएच.डी. विद्यार्थिनी, पहिलं वर्ष, औंध

किट बहुतेक चांगलं आहे. तुझ्या पेशी उचलताना दुखावल्या जात आहेत.

अ‍ॅनेक्सिन नेमकं काय पकडतं ते आधी डोळ्यांसमोर आण. पेशीच्या आवरणाला दोन पदर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद जिवंत पेशी आतल्या पदरात ठेवते, आणि चुकून बाहेर आलाच तर पुन्हा आत ओढते. पानगळ सुरू झाली की ही राखण बंद पडते आणि तो मेद बाहेरच्या पदरावर येतो. शरीरात भक्षक पेशींना ही खूण असते, की मला उचला. अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन कॅल्शियमच्या मदतीनं याच खुणेला चिकटतं. ते आकारानं मोठं असल्यामुळे शाबूत पेशीच्या आत शिरत नाही, बाहेर जे आहे तेवढंच धरतं. पण पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं किंवा स्क्रेपरनं खरवडलंस तर आवरणालाच भोकं पडतात. मग अ‍ॅनेक्सिन त्यातून आत जाऊन आतल्या पदराला चिकटतं, आणि मशीन तुला सांगतं की पेशी मरायला टेकली आहे. ट्रिप्सिन किती वेळ ठेवतेस? पेशी सुटायला लागल्या की, म्हणजे साधारण दोन-तीन मिनिटांत, सीरम असलेला मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, घालून थांबव. फ्लास्क तळहातावर आपटू नकोस. ट्रिप्सिनऐवजी त्याहून सौम्य अ‍ॅक्युटेज मिळालं तर फार चांगलं. उचललेल्या पेशींना अर्धा तास मीडियात सावरू दे, मग रंग लाव.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. ट्रिप्सिनमध्ये बहुतेक वेळा ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियम गिळतं. नीट धुतलं नाही तर अ‍ॅनेक्सिन कुणालाच चिकटणार नाही आणि मरणारी पेशीही धडधाकट दिसेल. तुझं औषध दिलेल्यांचं रीडिंग अपेक्षेपेक्षा कमी येतंय, तेव्हा हेही तपास. बाइंडिंग बफरमध्ये अडीच मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असतं. कुणी पीबीएसमध्येच, म्हणजे फॉस्फेटच्या खारट द्रावणातच, काम भागवत असेल तर तसं करू नकोस, फॉस्फेट आणि कॅल्शियमचं जमत नाही. रंग लावून पंधरा मिनिटं अंधारात, आणि तासाभरात मशीनवर.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. तू लिहिलंयस, 'मीडिया काढून, पीबीएसनं धुऊन, ट्रिप्सिन घातलं.' काढलेला मीडिया गेला कुठे?

मी नवीन असताना जवळजवळ सहा महिने तो बीकरमध्ये ओतत होते. औषधाची मात्रा वाढवत नेली तरी मरणाऱ्या पेशी आठ-दहा टक्क्यांच्या वर जाईनात. आमच्याकडे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एका दुपारी त्यांनी माझ्या हातातला फ्लास्क घेतला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि हळूच तिरका केला. मीडिया गढूळ होता. धान्य धुतलेल्या पाण्यात कोंडा तरंगावा तसं काहीतरी त्यात हलत होतं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कचरा असेल. मामांनी तो मीडिया सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये घेतला, पाच मिनिटं फिरवला आणि तळाशी बसलेला पांढरा ठिपका मला दाखवला. त्यातल्या थेंबभर पेशी रंगवून काचेवर घेतल्या, तर एकापेक्षा एक तुकडे झालेली केंद्रकं. मी जे शोधत होते ते सगळं त्या ठिपक्यात होतं, आणि सहा महिने मी ते ओतून दिलं होतं. मरायला लागलेली पेशी तळाची पकड सोडते. खाली उरतात त्या वाचलेल्या. तेव्हा मीडिया, धुतलेलं पीबीएस आणि ट्रिप्सिननं उचललेल्या पेशी, हे तिन्ही एकाच ट्यूबमध्ये जमा कर.

आणखी एक. चोवीस तासांनंतरचं एकच रीडिंग घेऊ नकोस. पेशीला मरायला काही तास लागतात आणि प्रत्येक चाचणीला त्यातला ठरावीकच तास दिसतो. फक्त अ‍ॅनेक्सिन लागलेली पेशी म्हणजे पानगळीची सुरुवात. प्रोपिडियम हा रंग आवरण फाटलेल्या पेशीतच शिरतो, म्हणून अ‍ॅनेक्सिन आणि प्रोपिडियम दोन्ही लागली म्हणजे आवरणही गेलं. पण ती पानगळीच्या शेवटाला पोचलेली आहे की सरळ फुटलेली, हे मशीनच्या आलेखातल्या त्या चौकोनावरून कळत नाही. शरीरात पुड्या उचलायला भक्षक पेशी असतात. फ्लास्कमध्ये कोणीच नसतं, म्हणून पुड्याही थोड्या वेळानं फुटतात. चार, आठ, सोळा, चोवीस तास असं पाहा. पेशी आधी एका चौकोनात आणि मग दुसऱ्यात सरकताना दिसल्या तर ती पानगळ. सुरुवातीपासूनच दोन्ही रंगांच्या चौकोनात पडल्या तर तुझ्या औषधानं त्यांना फोडलं असण्याचा संशय घे.

आणि औषध डॉक्सोरुबिसिन असेल तर मला परत लिही. ते स्वतःच लालसर चमकतं, प्रोपिडियमच्या जागी तेच दिसत राहतं. मग रंगांची जोडी बदलावी लागेल.

प्रश्न : ट्रिपॅन ब्लू घालून वीस मिनिटांनी मोजलं तर चालतं का?
— लॅब असिस्टंट, चिंचवड

नाही. तीन ते पाच मिनिटांत मोजून मोकळे व्हा. तो रंग जिवंत पेशींनाही बाधतो, उशीर केला तर मेलेल्यांचा आकडा वाढतच जातो. आणि निळी झालेली पेशी मेली एवढंच यातून कळतं, कशी मेली ते कळत नाही. पानगळीच्या सुरुवातीची पेशी यात पांढरीशुभ्रच दिसते.

प्रश्न : एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एका संयुगाचा परिणाम पाहतोय. एमटीटी चाचणीमध्ये पेशी निम्म्यावर येतात. परीक्षकांनी लिहिलं, "अ‍ॅपॉप्टोसिस सिद्ध करा." डीएनए लॅडर केलं, चार वेळा. लॅडर येत नाही. संयुग निकामी समजायचं का?
— संशोधक विद्यार्थी, गणेशखिंड

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे चार जेल वाचवता आले असते.

एमसीएफ-७ मध्ये कास्पेज-३, म्हणजे पानगळीत प्रथिनं कापणारं एक विकर, नाही. त्या जनुकाच्या तिसऱ्या एक्सॉनमधला ४७ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे ते प्रथिन तयारच होत नाही. आणि लॅडर पडायला नेमकं तेच लागतं. डीएनए कापणारी कात्री, कास्पेजनं सक्रिय होणारी डीएनेज, एरवी तिला अडवणाऱ्या प्रथिनाला बांधलेली असते. कास्पेज-३ तो बांध तोडतं, मग कात्री सुटते आणि डीएनएच्या गुंडाळ्यांमधल्या मोकळ्या दोऱ्यावर वार करते. प्रत्येक गुंडाळी साधारण १८० ते २०० बेसजोड्यांची, म्हणून जेलवर त्या पटीत पायऱ्या दिसतात. बांध सुटलाच नाही तर पायऱ्या कुठून येणार? या पेशी मरतात, पण डीएनएचे असे तुकडे करत नाहीत, आणि ते फुगेही त्यांच्यात नीट दिसत नाहीत. हे १९९८ पासून छापलेलं आहे. पेशी मागवताना तिची कुंडली वाचायची सवय आपल्याकडे कोणी लावत नाही, याचं मला खरंच दुःख होतं. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभर पेशी जातात. फ्लास्क हातात आला की त्याच दिवशी मूळ रुग्ण, मूळ अवयव, काय गहाळ आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता करायचं काय? पार्प या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायची चाचणी, करा. अखंड पार्प ११६ किलोडाल्टनला दिसतं, कास्पेजनं कापलं की ८९ ला. एमसीएफ-७ मध्ये कास्पेज-७ शाबूत आहे आणि पार्प कापायला ते पुरतं. जोडीला अ‍ॅनेक्सिन लावा. शिवाय एका संचात झेड-व्हॅड-एफएमके हे सगळ्याच कास्पेजना अडवणारं रसायन आधी घाला. ते घातल्यावर मरण कमी झालं तर तुमचा मुद्दा भक्कम झाला. नाही झालं तर पेशी दुसऱ्या वाटेनं मरते आहे, आणि तेही लिहिण्यासारखंच आहे. लॅडरच हवं असेल तर तेच संयुग एचएल-६० या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर वापरा. त्यांच्यात पायऱ्या स्वच्छ पडतात.

एमटीटीबद्दल मात्र थोडं कठोर बोलते. त्या चाचणीत पेशीतली विकरं पिवळ्या क्षाराचा जांभळा फॉर्माझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रंग मोजतो. जांभळा रंग निम्मा झाला म्हणजे निम्म्या पेशी मेल्या, असं होत नाही. पेशी विभागायच्या थांबल्या तरी रंग निम्मा होतो. जिवंत राहून सुस्तावल्या तरी होतो. परीक्षकांनी विचारलं ते योग्यच विचारलं.

टनेल या चाचणीविषयीही तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. टनेल डीएनएच्या तुटलेल्या टोकांना रंग जोडतं, आणि टोक कशामुळे तुटलं हे त्याला समजत नाही. फुटून मेलेल्या पेशीही त्यात चमकतात. एमसीएफ-७ साठी ते तसंही तुमच्या कामाचं नाही. करायचंच झालं तर एक काच डीएनेज घालून आणि एक काच विकराशिवाय, या दोन जोडीदारांखेरीज त्याच्याकडे पाहू नका.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. केमोथेरपी चालू आहे. नात्यातल्या एकांनी मेसेज पाठवला की एका पानाच्या काढ्यानं कर्करोगाच्या पेशी चोवीस तासांत मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. घरात आता केमो थांबवायची चर्चा आहे. तुम्ही हेच काम केलंत, म्हणून विचारते.
— गृहिणी, कोथरूड

ताई, केमोथेरपी थांबवू नका. हे आधी, बाकीचं नंतर.

मेसेजमधला प्रयोग कदाचित खराही असेल. पण फ्लास्कमधल्या पेशी मारणं फार सोपं असतं. मीडिया काढून नुसतं डिस्टिल्ड वॉटर घातलं तरी त्या फुगून फुटतात. काढा आंबट असेल, दाट असेल, तर त्यानंही मरतील. शिवाय पानांच्या अर्कातली काही द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलतात, म्हणून रिकाम्या खाचेत नुसता अर्क घालून पाहिला होता का, हे विचारावं लागतं. त्याच अर्कानं निरोगी पेशी किती मेल्या, हेही विचारावं लागतं. आणि काचेवर जेवढी मात्रा ओतली तेवढी पोटातून, यकृतातून जाऊन गाठीपर्यंत पोचते का? हे सगळं एका फ्लास्कमधून कळत नाही.

वनस्पतींवर माझा राग नाही. उलट तुमच्या मेहुण्यांच्याच आजाराशी जोडलेली एक हकिगत सांगते. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटानं, १९६६ साली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही भरपूर आहे, आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली. आम्ही प्रयोगशाळेत ते रोज वापरायचो. चाचणी नीट चालते आहे ना हे बघायला एका फ्लास्कमध्ये हमखास मरणाऱ्या पेशी लागतात, त्या कॅम्पटोथेसिननं मारायच्या. इतकं ते खात्रीचं. तरीही माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होण्यासारखे त्रास झाले आणि ते मागे ठेवावं लागलं. त्याचं रूप बदलून इरिनोटेकन तयार झालं, आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९९६ साली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आज ते दिलं जातं. झाडापासून सलाइनच्या बाटलीपर्यंत यायला तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांत काढ्यात नसलेलं बरंच काही करावं लागलं. मात्रा ठरली, शुद्धता ठरली, कुणाला देऊ नये हे ठरलं.

मेहुणे काढा घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. काही वनस्पतींमुळे औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतं, म्हणून लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीनं लोक गप्प बसतात आणि नुकसान रुग्णाचं होतं. मेसेज पाठवणाऱ्यांना माझं हे उत्तर खुशाल पाठवा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात फ्लो सायटोमीटर नाही, कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटरही नाही. बी.एस्सी.च्या मुलांना पेशींची पानगळ प्रत्यक्ष दाखवता येईल असं काही आहे का?
— जीवशास्त्राच्या शिक्षिका, हडपसर

आहे, आणि तुम्ही हे विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. तुम्हाला लागेल तो फक्त एक चांगला सूक्ष्मदर्शक, शंभरपटीचं ऑइल इमर्शन भिंग असलेला.

पेशी वाढवणाऱ्या एखाद्या संशोधन प्रयोगशाळेला पत्र लिहा. कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी, निम्म्या औषध दिलेल्या, निम्म्या न दिलेल्या, मिथेनॉलमध्ये स्थिर करून मागा. स्थिर केलेल्या पेशी जिवंत नसतात, नेआण करायला सोप्या असतात. औषध दिल्यानंतर थोड्या तासांतच स्थिर करायला सांगा, उशीर झाला तर मरणाऱ्या पेशी सुटून निघून जातील. त्या गिम्सानं रंगवा. गिम्सा पातळ करायला आम्लता (पीएच) तपासलेलं बाटलीबंद बफर वापरा, नळाचं पाणी नको, रंग बदलतो.

धडधाकट पेशीचं केंद्रक फिकट जांभळं, मोठं, कडेला एकसारखं दिसेल. मरणाऱ्या पेशीत त्याच जागी गडद, गुळगुळीत, गोल मणी दिसतील, कधी दोन, कधी सात-आठ, जणू पोत तुटून एका पुरचुंडीत गोळा केली आहे. मुलांना एकदा ते मणी दिसले की पुन्हा शिकवावं लागत नाही.

कुठली काच औषधाची हे मुलांना सांगू नका. मागच्या बाजूला आकडे चिकटवा आणि यादी तुमच्या कपाटात ठेवा. प्रत्येकानं दोनशे केंद्रकं मोजायची, त्यांत मण्यांची किती ते लिहायचं. दिसेल तो सोयीचा कोपरा निवडायचा नाही. काचेच्या एका टोकापासून ओळीनं सरकत जायचं, शेतात पाभर चालते तसं. सगळ्यांचे आकडे फळ्यावर आले की मग कपाट उघडा.